मॅजिक अरीना : खेळायला एक नंबर, पण डेक बांधायला?

आधीच सांगून टाकतो, ज्यांना मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ नुसता टाइमपास म्हणून खेळायचंय त्यांनी हे वाचायची काही गरज नाही. सरळ अरीना, म्हणजे या खेळाचं ॲप, डाउनलोड करा, फुकट आहे, ट्युटोरियल व्यवस्थित आहे, सुरुवातीला तयार डेक (खेळायचे पत्त्यांचे गठ्ठे) मिळतात, मजा करा. मला बोलायचंय ते स्वतः डेक बांधून रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांत, उतरायची खाज असलेल्या लोकांशी, कारण त्यांच्यासाठी हे ॲप अर्धं वरदान आहे आणि अर्धं डोक्याला ताप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन, रिचर्ड गारफिल्डचं मॅजिक १९९३ ला कागदी पत्त्यांवर सुरू झालं, अरीनाचा ओपन बीटा २०१८ मध्ये आला, २०१९ मध्ये पूर्ण रिलीज आणि २०२१ मध्ये मोबाइलवर. नियम कागदावरचेच आहेत, कमीत कमी ६० पत्त्यांचा डेक, बेसिक लँड (मॅना, म्हणजे पत्ते टाकायची ताकद, देणारे साधे जमिनीचे पत्ते) सोडून एका नावाचे जास्तीत जास्त चार, साइडबोर्ड (दोन गेमच्या मध्ये बदलायचे राखीव पत्ते) १५ चा. फक्त पत्ते कुणाशी बदलता येत नाहीत, विकता येत नाहीत, उसने मागता येत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी रड तिथूनच येते.

पण आधी कौतुक, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. नियम सांभाळायचं काम अरीना जे करतं ना त्याला तोड नाही. स्टॅकवर (टाकलेल्या पत्त्यांच्या रांगेत) काय आधी सुटणार, कुठला ट्रिगर (आपोआप होणारा परिणाम) कधी लागणार, ब्लॉक केल्यावर डॅमेज कसं वाटलं जाणार, यावर वाद घालायची सोयच नाही, मशीन करतं आणि तुम्ही बघून शिकता. नवीन खेळाडू महिनाभर नीट खेळला तर प्रायॉरिटी (आत्ता पत्ता टाकायचा हक्क कुणाचा) म्हणजे काय हे त्याला पुस्तक न वाचता कळतं. आणि रात्री दोन वाजता पण समोर तुमच्या लेव्हलचा कुणीतरी मिळतोच, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, मिथिक अशी शिडी आहे आणि दर महिन्याला नवा सीझन. सरावाची एवढी सोय कागदावर कुणालाच मिळत नाही.

एक बारीक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. तुमच्याकडे त्या क्षणी खेळण्यासारखं काहीच नसेल तर अरीना आपोआप पुढे सरकतं, आणि असेल तर थांबतं. म्हणजे समोरच्याने क्रीचर (लढणारा पत्ता) टाकला आणि गेम अर्धा सेकंद अडखळला की त्याला कळलं, हातात इन्स्टंट (दुसऱ्याच्या टर्नमध्येही टाकता येणारा पत्ता) आहे बाबा. वरच्या रँकला लोक हे अडखळणं बरोबर वाचतात. उपाय म्हणजे फुल कंट्रोल (गेम आपोआप पुढे सरकू न देणारं सेटिंग) चालू करून हातात काही नसतानाही मुद्दाम थांबायचं. कंट्रोल डेक (समोरच्याचे पत्ते अडवत गेम लांबवणारा) खेळणाऱ्यांनी ही सवय लावून घ्याच, दोन निळे लँड उघडे ठेवून थांबलात की समोरचा आपोआप जपून खेळायला लागतो.

आता डेक बिल्डर. सर्च चांगला आहे, मॅना कर्व्हचा (किती मॅनाचे किती पत्ते आहेत त्याचा) आलेख दिसतो, कुणाचीही लिस्ट कॉपी करून एका क्लिकमध्ये आत घेता येते. पण तो आलेख बघून डेक बरोबर आहे असं समजू नका, खरा प्रश्न रंगांचा असतो (बहुतेक पत्त्यांना ठरावीक रंगाचाच मॅना लागतो) आणि त्याबद्दल ॲप तोंड उघडत नाही. फ्रँक कार्स्टेन म्हणून एक प्रो खेळाडू आहे, गणितातला माणूस, त्याने मॅना बेसचे (डेकमधल्या लँडच्या जुळणीचे) तक्ते काढलेत. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये पहिल्याच टर्नला एका रंगाचा एक मॅना भरवशाने हवा असेल तर त्या रंगाचे साधारण १४ सोर्स (तो मॅना देणारे पत्ते) लागतात, आणि दुसऱ्या टर्नला त्याच रंगाचे दोन हवे असतील तर वीसच्या वर. आता दोन रंगांचा डेक, लँड २४, एका रंगात पहिल्या टर्नचा क्रीचर आणि दुसऱ्या रंगात दुसऱ्या टर्नला डबल मॅनावाला पत्ता, हे जमवायला दोन्ही रंग देणारे लँड किती लागतील करा हिशोब. आणि चांगले ड्युअल लँड बहुतेक सगळे रेअर, म्हणजे दुर्मिळ दर्जाचे, असतात. ही रेअरची गोष्ट पुन्हा येणार आहे.

त्याआधी बेस्ट ऑफ वन. अरीनावर पडीक असलेले बरेच जण एका गेमची मॅचच खेळतात, पटकन संपते म्हणून. पण तिथे सुरुवातीच्या हातात गंमत आहे. ॲप आतल्या आत एकापेक्षा जास्त हात काढतं आणि तुमच्या डेकमधल्या लँडच्या प्रमाणाला जवळचा असेल तो हात तुम्हाला देतं. यात लपवाछपवी काही नाही, हे जाहीर आहे. साध्या शफलमध्ये ६० पैकी २४ लँड असतील तर सात पत्त्यांच्या हातात शून्य, एक, सहा किंवा सात लँड यायची शक्यता साधारण १५-१६ टक्के, म्हणजे दर सहा-सात हातांमागे एक हात कचरा. बेस्ट ऑफ वनमध्ये हा कचरा बराच कमी होतो. मग लोक काय करतात, ॲग्रो (झटपट हल्ला करणाऱ्या) डेकमधले दोन-तीन लँड काढून त्याजागी अजून बर्न (थेट डॅमेज देणारे पत्ते) भरतात, आणि जिंकतात पण! बरं मग तोच डेक उचलून बेस्ट ऑफ थ्रीला (तीनपैकी दोन गेम जिंकायच्या मॅचला) गेलं की तिथे हा टेकू नाही, एका लँडवर अडकून बसायची पाळी येते आणि मग शफलर (ॲपचं पत्ते पिसणं) फिक्स आहे म्हणून बोंब. शफलर फिक्स नाही हो, तुमचा डेक दुसऱ्या खेळासाठी बांधलेला होता.

ज्यांना पुढे कधी टुर्नामेंट खेळायचीय त्यांनी पहिल्यापासून बेस्ट ऑफ थ्रीच खेळावं असं माझं स्पष्ट मत आहे. साइडबोर्ड म्हणजे उरलेल्या आवडत्या पत्त्यांची अडगळ नाही. ड्युरेस, निगेट (समोरच्याचे पत्ते रोखणारे), स्वस्त रिमूव्हल (क्रीचर काढून टाकणारे पत्ते), ग्रेव्हयार्ड (वापरून झालेल्या पत्त्यांचा ढीग) साफ करणारं काहीतरी, यातलं काय आत घ्यायचं ते सगळ्यांना सुचतं, बाहेर काय काढायचं तिथे भलेभले गडबडतात. कंट्रोलसमोर तुमच्याकडचे क्रीचर मारणारे चार पत्ते निकामी आहेत, ते निघाले पाहिजेत, पण त्याच्याकडे शेवटी गेम संपवणारा एखादा मोठा राक्षस असेल तर दोन ठेवायचे की नाही? डेक बांधायचं कसब इथे दिसतं, आणि अरीनावर त्याचा सराव भरपूर होतो. रोपचं, म्हणजे वेळ संपत आल्यावर दिसणाऱ्या जळत्या दोरीचं, टायमर तेवढं अंगावर येतं, साइडबोर्डिंगच्या वेळेला तर जास्तच.

आता वाइल्डकार्ड. प्रत्येक दर्जाचं वेगळं, कॉमन, अनकॉमन, रेअर, मिथिक रेअर, आणि त्याच्या बदल्यात त्या दर्जाचा कुठलाही पत्ता घ्या. ऐकायला राजेशाही वाटतं. पॅक (पत्त्यांची पाकिटं) फोडत गेलात की दर सहा पॅकला, प्रत्येक पॅकमागे पुढे सरकणाऱ्या चक्रातून, एक रेअर वाइल्डकार्ड मिळतं, आणि दर पाचव्या वेळी त्याच्या जागी मिथिक, म्हणजे मिथिकचं तीस पॅकमागे एक. पॅक १००० गोल्डचा (गोल्ड म्हणजे ॲपमधलं चलन), रोजचं क्वेस्ट ५०० किंवा ७५० गोल्डचं. म्हणजे नुसत्या क्वेस्टवर जगायचं तर चक्रातल्या एका रेअर वाइल्डकार्डला आठ ते बारा क्वेस्ट. पॅकमधून निघणारे रेअर मिळतात ते वेगळे, रोजच्या जिंकण्याचं थोडं गोल्डही मिळतं, पॅकमधून मधूनच अचानक वाइल्डकार्डही निघतं, आणि चार कॉपी झालेला रेअर पॅकमधून पुन्हा येत नाही हे फार चांगलं आहे. पण दोन रंगांचा धड स्पर्धात्मक डेक लँड धरून तीस-चाळीस रेअर सहज खातो. आणि हार्थस्टोनसारखं नको असलेला पत्ता मोडून धूळ करून दुसरा बनवायची सोय इथे नाही. एकदा घेतला की गळ्यात पडला.

याचा परिणाम काय होतो बघा. कागदावर खेळणारे डेक तपासताना काय करतात, पत्ता विकत घेण्याआधी चिठ्ठीवर नाव लिहून बेसिक लँडवर ठेवतात आणि मित्राबरोबर दहा-पंधरा गेम खेळून बघतात, जमलं नाही तर चिठ्ठी फेकून दिली. अरीनावर चिठ्ठी नाही. मित्राला डायरेक्ट चॅलेंज दिलं तरी तुमच्याकडे नसलेला पत्ता वापरता येत नाही. म्हणजे एखाद्या नव्या पत्त्याबद्दल डोक्यात काहीतरी भन्नाट आलं, तर ती कल्पना बरोबर आहे की येडेपणा आहे हे कळायच्या आधीच चार वाइल्डकार्ड मोजायची. मग माणूस शहाणा होतो आणि शहाणा झाला की मेटामधली (सध्या चलती असलेल्या डेकांमधली) जिंकणारी लिस्ट जशीच्या तशी उचलतो, साइडबोर्ड धरून पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर. रँक्डमध्ये सारखे तेच तीन-चार डेक दिसतात त्याचं खापर लोक खेळाडूंच्या आळसावर फोडतात. मला ते पटत नाही. प्रयोग महाग करून ठेवल्यावर लोक नक्कलच करणार.

बॅनच्या वेळेला हे जास्त टोचतं. पत्ता बॅन झाला की त्याच्या कॉपीइतकी वाइल्डकार्ड परत मिळतात, ही सोय चांगलीच आहे. पण परत मिळतं ते फक्त बॅन झालेल्या पत्त्याचं. ३० जून २०२५ ला स्टँडर्डमधले (फक्त अलीकडचे सेट, म्हणजे पत्त्यांचे संच, चालतात त्या प्रकारातले) सात पत्ते एकदम बॅन झाले, कोरी-स्टील कटर, मॉन्स्ट्रस रेज, हार्टफायर हीरो, अप द बीनस्टॉक वगैरे. यात हार्टफायर हीरो हा उंदीर अनकॉमन, त्यामुळे परतफेडही अनकॉमनची, आणि ज्याने त्या उंदराभोवती अख्खा लाल डेक उभा केला त्याचे बाकीचे रेअर तसेच पडून. त्यात २०२५ मध्ये स्टँडर्डला एकूण सहा सेट आले, फायनल फँटसी धरून. दर दोन महिन्यांनी मेटा हलतो, बघायला मजा येते, पण प्रत्येक वेळी हलणाऱ्या मेटामागे पळायला वाइल्डकार्ड आणायची कुठून?

त्यामुळे खर्चाच्या बाबतीत हात आखडताच ठेवा. पहिली रेअर वाइल्डकार्ड लँडवर घाला. कंटाळवाणं वाटतं, डेकचा चमकता हिरो सोडून जमीन कोण घेतं, पण तेच लँड पुढच्या पाच डेकमध्ये चालतात. दुसरं, पत्ता कुठल्या सेटचा आहे बघा, स्टँडर्डमध्ये २०२३ पासून सेट तीन वर्षांपर्यंत टिकतात पण फाउंडेशन्स हा सेट किमान २०२९ पर्यंत राहणार आहे, लानोवार एल्व्ज हा पत्ता त्याच्यात आहे, तिथे घातलेलं वाया जात नाही. नवीन सेट आल्यावर पहिले दोन आठवडे वाइल्डकार्डला हात लावू नका, पहिल्या वीकेंडला सगळ्यांना देव वाटलेला पत्ता तिसऱ्या आठवड्यात कुणी खेळत नाही असं बऱ्याचदा होतं. आणि कल्पना तपासायचीच असेल तर घरी चिठ्ठ्यांवर एकट्याने हात काढून बघा. चार कॉपीवाला पत्ता सुरुवातीच्या सात पत्त्यांत यायची शक्यता जेमतेम ४० टक्के असते, ज्या डेकची सगळी मदार एकाच पत्त्यावर आहे त्याचं पितळ तिथेच उघडं पडतं, एकही वाइल्डकार्ड न घालवता.

अल्केमी या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही, तिथे पत्ते डिजिटलमध्येच बदलतात, आज एक ताकद उद्या दुसरी, ज्यांना आवडतं त्यांनी खेळावं. टाइमलेस या प्रकाराची वेगळीच मजा आहे पण नवीन माणसाच्या खिशाबाहेरची.

डेक बांधायची खरी भूक भागवायची असेल तर अरीनावर ती भागते ड्राफ्टमध्ये (पॅकमधून एकेक पत्ता उचलून तिथल्या तिथे डेक बांधायचा), आणि हे मी रँक्ड कन्स्ट्रक्टेडवाल्यांना (आधीच बांधलेला डेक घेऊन खेळणाऱ्यांना) मुद्दाम सांगतो. प्रीमियर ड्राफ्टमध्ये समोर खरी माणसं असतात, प्रवेश १०,००० गोल्ड किंवा १५०० जेम्स (ॲपमधलं दुसरं चलन), सात विजय किंवा तीन पराभव होईपर्यंत खेळायचं, आणि उचललेले पत्ते तुमचेच राहतात. क्विक ड्राफ्ट त्याच्या निम्म्यात, पण तिथे पत्ते उचलताना बॉट्स असतात. चाळीस पत्त्यांचा डेक, सतरा लँड, आणि कुणाची लिस्ट चोरायची सोयच नाही! तेविसावा पत्ता म्हणून दुसरा रिमूव्हल घ्यायचा की कर्व्ह भरायला दोन मॅनाचा साधा क्रीचर, हे तुमचं तुम्हालाच ठरवायचंय. हरलात तर गोल्ड गेलं खरं, पण पत्त्याची किंमत ओळखायला दुसरीकडे एवढं शिकायला मिळत नाही. शिवाय कलेक्शन पण भरतं.

मोबाइलबद्दल, खेळता येतं, पण बोर्डवर पंधरा टोकन (पत्त्यांच्या परिणामाने तयार झालेले जादा क्रीचर) झाले की छोट्या स्क्रीनवर बोटाने नेमका ब्लॉकर धरणं म्हणजे वैताग. रँक चढायचा असेल तर कॉम्प्युटर, बसल्याबसल्या क्वेस्ट संपवायला फोन. आणि ऑटोटॅपर. तो लँड आपोआप टॅप करतो, बहुतेक वेळा बरोबर करतो, पण तुम्ही हातात काय धरून बसलाय आणि पुढे काय करणार आहात हे त्याला काय माहीत. तीन रंगांचा डेक असेल आणि निळा मॅना समोरच्याच्या टर्नसाठी राखायचा असेल, तर आधी हाताने लँड टॅप करा, मग पत्ता टाका. दरवेळी.