एक्सएमरिग आणि घरचं लाइट बिल

घरच्या कॉम्प्युटरवर मायनिंग (म्हणजे मशीनला गणितं करायला लावून क्रिप्टो नाणी मिळवणं) शिकायचं असेल तर एक्सएमरिगला शिकण्यासाठी पाचपैकी साडेचार गुण. कमाईसाठी एक, आणि तोही थंडीत खोली जरा उबदार राहते म्हणून. ज्या नाशकात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तिथं घरबसल्या नाणी पाडायची हौस कुणालाही होईल. पण आधी यंत्र समजून घ्या, मग बिल.

एक्सएमरिग हे फुकट, ओपन सोर्स मायनर, म्हणजे मायनिंग करणारं सॉफ्टवेअर आहे. बिटकॉइन यावर काढायच्या फंदात पडू नका, त्याला एसिक (फक्त मायनिंगसाठी बनवलेलं) मशीनच लागतं. याचं खरं काम रँडमएक्स अल्गोरिदम (गणित करायची ठरलेली पद्धत), म्हणजे मुख्यतः मोनेरो हे क्रिप्टो नाणं. मोनेरोने ३० नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स घेतलं ते साध्या प्रोसेसरला संधी मिळावी म्हणूनच. ग्राफिक कार्ड कितीही भारी असो, इथं ते शोभेपुरतं.

मशीन बघताना गिगाहर्ट्झ नाही, एल-थ्री कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) बघा. प्रत्येक थ्रेडला (प्रोसेसर एका वेळी चालवतो त्यातल्या एका कामाला) २ एमबी कॅश लागते. रायझन ५ ३६०० मध्ये ३२ एमबी आहे, म्हणून बाराच्या बारा थ्रेड चालतात आणि नीट बसवलं तर सात हजार हॅश (मायनिंगची गणितं) प्रतिसेकंदाच्या आसपास मिळतात. ५६००जी नवा असूनही त्यात १६ एमबीच, त्यामुळे बारापैकी आठच थ्रेड कामाला लागतात. प्रोसेसरमध्ये एईएस (एन्क्रिप्शनची गणितं झटपट करायची अंगभूत सोय) नसेल तर विषय सोडून द्या. दुसऱ्या पिढीच्या आय-३ मध्येही ते नाही. रॅम ८ जीबी पुरते, पण एम. जी. रोडवरून असेंबल करून आणलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा एकच कांडी असते. ४-४ च्या दोन कांड्या लावल्या की ड्युअल चॅनल सुरू होतं आणि आकडा दिसण्याइतका वर जातो.

डाउनलोड फक्त अधिकृत साइटवरून किंवा गिटहबवरच्या मूळ पानावरून. झिप उतरताक्षणी विंडोजचा अँटिव्हायरस, डिफेंडर, ती उडवतो. व्हायरस असतो म्हणून नव्हे; क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये लोक हाच मायनर लपवून पाठवतात, त्यामुळे अँटिव्हायरसवाल्यांनी सरसकट काळ्या यादीत टाकलाय. अख्खा डिफेंडर बंद करू नका. एक वेगळं फोल्डर करा, तेवढंच एक्स्क्लूजनमध्ये (तपासणीतून वगळायच्या यादीत) घाला आणि झिपचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या अस्सलपणाचा ठसा) गिटहबवर दिलेल्याशी जुळवून बघा. (उलट बाजूही लक्षात असू द्या: तुम्ही काहीच बसवलेलं नसताना प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर तुमच्या बिलावर दुसराच कुणीतरी मायनिंग करत असण्याची शक्यता आहे.)

मोनेरो ठेवायचं वॉलेट आधी तयार करा. पंचवीस शब्दांचं सीड, म्हणजे वॉलेटची गुप्त किल्ली, वहीत लिहून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका. वॉलेटचा पत्ता ९५ अक्षरांचा असतो आणि ४ ने सुरू होतो. एक्सएमरिगच्या साइटवर विझार्ड आहे. त्यात पूल (अनेकांनी मिळून मायनिंग करून कमाई वाटून घ्यायचा गट) आणि पत्ता भरला की कॉन्फिग फाइल तयार मिळते, ती मायनरच्या फोल्डरमध्ये टाकायची. झालं.

खरी मजा मायनर चालू केल्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत आहे. पहिल्यांदा 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून चालवा, बंद करा, मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा अ‍ॅडमिन म्हणूनच उघडा. आता ही ओळ शोधा: ह्यूज पेजेस १००%, ११६८/११६८. रँडमएक्सला २०८० एमबीचा डेटासेट आणि २५६ एमबीची कॅश मेमरीत ठेवावी लागते, बेरीज २३३६. विंडोज ती २-२ एमबीच्या मोठ्या पानांत देते, म्हणून ११६८. तिथं शून्य दिसलं तर परवानगीच मिळालेली नाही. अर्धवट आकडा दिसला तर मशीन बराच वेळ चालू राहून मेमरीचे तुकडे झालेत. रीस्टार्ट करून क्रोम उघडायच्या आधी मायनर चालू करा. ही एक गोष्ट चुकली तर वेगात मोठी घट येते, आणि नवशिके दोष प्रोसेसरला देत बसतात.

दुसरी ओळ लाल रंगात येते: 'फेल्ड टू अप्लाय एमएसआर मॉड'. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये (आतल्या सेटिंगमध्ये) बदल करायला मायनरला विनरिंग० हा ड्रायव्हर लागतो. अ‍ॅडमिन नसेल किंवा विंडोजची मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा सोय चालू असेल तर तो अडतो, आणि दहा-पंधरा टक्के वेग जातो. ज्या मशीनवर नेटबँकिंग आणि ऑफिसचं काम चालतं, तिथं तेवढा वेग सोडून द्यावा हे आमचं मत. मेमरी इंटिग्रिटी बंद करून रोजचे दोन रुपये वाचवण्यात शहाणपण नाही.

एच दाबलं की वेगाची दहा सेकंद, साठ सेकंद आणि पंधरा मिनिटांची सरासरी दिसते. पंधरा मिनिटांचाच आकडा धरा. पी दाबून थांबवता येतं, आर दाबून पुन्हा सुरू. तयार फाइलमध्ये एक टक्का वेळ डेव्हलपरसाठी जातो. ते योग्यच आहे.

पूल निवडताना किमान पेआउट, म्हणजे किती जमल्यावर पैसे हाती देतात, ते बघा. मोठाच पूल का नको, हे २०२२ मध्ये कळलं: मायनएक्सएमआर पूलकडे नेटवर्कचा मोठा हिस्सा गेल्याने ओरड झाली आणि त्या ऑगस्टमध्ये तो बंद झाला. पी-टू-पूल हा बिनमालकीचा, बिनफीचा पर्याय चांगला. त्यासाठी स्वतःचा नोड (मोनेरोच्या सगळ्या नोंदींची प्रत ठेवणारं सॉफ्टवेअर) चालवायला डिस्कवर भरपूर जागा हवी एवढंच. छोट्या मशीनसाठी त्याची मिनी साखळी घ्या.

आता बिल. मोनेरोचा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा, तो काढणाऱ्याला बक्षीस मिळतं) दर दोन मिनिटांनी निघतो आणि जून २०२२ पासून बक्षीस ०.६ मोनेरोवर स्थिरावलंय, म्हणजे जगभरात मिळून दिवसाला ४३२ मोनेरो. जगभरातल्या मायनरचा मिळून वेग ५ गिगाहॅश (सेकंदाला पाचशे कोटी हॅश) धरा, तुमचे ७,००० हॅश. दिवसाचा वाटा आला ०.०००६ मोनेरो. भाव २५,००० रुपये धरला तर दिवसाचे पंधरा रुपये. आकडे रोज बदलतात, रीत तीच राहते. आणि पूलचं किमान पेआउट ०.१ असेल तर पहिली रक्कम हातात पडायला साडेपाच महिने लागतील, हे कुणी आधी सांगत नाही.

खर्च वॅटमीटर लावून भिंतीच्या सॉकेटवर मोजा. सॉफ्टवेअर फक्त प्रोसेसरचा आकडा दाखवतं. अख्खं मशीन ११५ वॅट घेत असेल तर दिवसाला पावणेतीन युनिट, महिन्याला ८३. बिलातला स्थिर आकार यात धरू नका, तो तसाही भरायचाच आहे. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क, एवढं मिळून येणारा दर धरायचा. खरा फटका स्लॅबचा. सिडकोतल्या एखाद्या घरात महिन्याला ९० युनिट जळत असतील, तर मायनिंगची पहिली दहा युनिट स्वस्तात जातील आणि उरलेली ७३ थेट १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये. युनिटला १२ रुपये धरले तरी दिवसाचे ३३. पंधरा कमवायला तेहतीस घालवायचे. छतावर सोलर असेल आणि वर्षअखेर युनिट शिल्लक पडत असतील, तरच हे गणित बदलतं.

तोटा कमी करायचा तर बायोसमध्ये इको मोड लावून ६५ वॅटचा रायझन ४५ वॅटवर आणा. वेग थोडा उतरतो, वीज त्याहून जास्त वाचते. एप्रिल-मे मध्ये बाहेर चाळीस अंश असताना बॉक्समधला छोटा कूलर पुरत नाही. तापमान ८५ च्या वर टिकून राहिलं तर कॉन्फिगमध्ये थ्रेडची मर्यादा १०० वरून ७५ करा, साइड पॅनल उघडून फिनमधली धूळ काढा. लॅपटॉपवर चोवीस तास चालवू नका.

कर: नफ्यावर ३० टक्के अधिक सेस, विक्रीवर १ टक्का टीडीएस. मायनिंगच्या मशीनचा खर्च वजा मिळत नाही, हे केंद्र सरकारने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. शिवाय बायनान्स या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढून टाकला, तेव्हा विकायचा कुठं हे आधी बघा.

'नवं कॉइन आलंय, आत्ताच मायनिंग करून ठेवा' असा मेसेज टेलिग्रामवर आला तर एक्सएमरिगची अल्गोरिदमची यादी हाताशी ठेवा. त्या कॉइनचा अल्गोरिदम यादीत असेल तर प्रयोग करायला हरकत नाही. नेटवर्क लहान असल्याने ब्लॉक पटापट मिळतात. मात्र मोठे मायनर एका रात्रीत येऊन डिफिकल्टी (ब्लॉक काढायची काठिण्यपातळी) चढवतात आणि तशीच टाकून निघून जातात, मग तासन्‌तास काही हाती लागत नाही. सुरुवातीलाच किती नाणी संस्थापकांनी काढून ठेवलीत ते ब्लॉक एक्सप्लोररवर (कॉइनच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) तपासा. कॉइनवाले स्वतःचीच बंद सोर्सची एक्सई फाइल चालवा म्हणत असतील तर ती उघडू नका. आणि मोबाइलवर रोज एकदा बटण दाबायला लावणारी जी अ‍ॅप्स आहेत, त्यात मायनिंग होतच नाही. प्रोसेसर गरम झाला नाही तर काही निघालेलं नाही.