अमेरिकन अँबर की रेड आयपीए? हॉप्सदार तांबड्या एलचा निवाडा

अमेरिकेत घरी बिअर बनवून ती स्पर्धेला पाठवणाऱ्यांपुढे एक पेच हमखास येतो: हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा, सढळ वापर केलेली तांबडी एल (उबदार तापमानात आंबवलेली बिअर) ‘अमेरिकन अँबर’ या गटात पाठवावी की ‘रेड आयपीए’ (हॉप्सप्रधान ‘इंडिया पेल एल’चा तांबडा प्रकार) या गटात? बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या, म्हणजे बीजेसीपीच्या, 2021 च्या मार्गदर्शिकेत दोन्ही गटांचे आकडे दिलेले आहेत. पण ऐन सीमेवरच्या बिअरला ते पुरत नाहीत. आंबवण्याआधीची, म्हणजे सुरुवातीची, घनता 1.056 (पाण्याची 1.000 धरून), आंबल्यानंतरची, म्हणजे अखेरची, 1.012, मद्यांश सुमारे 5.8 टक्के, कडवटपणा 40 आयबीयू (कडवटपणाचे एकक) आणि रंग 14 एसआरएम (रंगाच्या गडदपणाचे माप), अशी एखादी एल घ्या. अँबरला 25 ते 40 आयबीयू आणि 4.5 ते 6.2 टक्के मद्यांश चालतो, तर रेड आयपीएला 40 ते 70 आयबीयू आणि 5.5 ते 7.5 टक्के, म्हणजे कागदावर ही एल दोन्हीकडे बसते. निर्णय नाकाने आणि जिभेनेच करावा लागतो, आणि तो चुकला तर उत्तम बनवलेल्या बिअरचेही गुण जातात, कारण परीक्षक समोरचा पेला त्या गटाच्या वर्णनाशी ताडूनच पाहतो.

आयरिश रेड, म्हणजे आयर्लंडच्या धर्तीची तांबडी एल, या तुलनेतून लगेच बाजूला काढता येते. स्मिथविक्ससारख्या त्या एलमध्ये कडवटपणा 28 आयबीयूच्या आतच असतो, हॉप्सचा गंध जेमतेम जाणवतो आणि शेवटी भाजलेल्या बार्लीचा कोरडेपणा येतो. बाटलीवरच्या नावावरही विसंबू नये. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ कोस्ट या ब्रुअरीची ‘रेड सील’ नावाने तांबडी आहे, पण ती अँबरचा नमुना मानली जाते. रेड आयपीएला मार्गदर्शिकेत स्वतःची जागा 2015 मध्ये मिळाली, आणि त्या वेळी उदाहरणादाखल दिलेल्या बिअरमध्ये अलास्कातल्या मिडनाइट सन या ब्रुअरीची ‘सॉकाय रेड’ होती. या दोन बिअर दोन बाजूंना आणि आपली मधोमध ठेवून चाखणे, ही माझ्या मते निर्णयाची सर्वांत भरवशाची रीत आहे.

पेले सारखे असावेत, बिअर 7 ते 10 अंश सेल्सिअसवर असावी आणि ओतल्याबरोबर आधी वास घ्यावा, कारण हॉप्समधली उडनशील तेले पहिल्या काही क्षणांतच सर्वाधिक जाणवतात. सिम्को, चिनूक किंवा सेंटेनिअल या जातींचे हॉप्स वापरले असतील तर पाइनची राळ, ग्रेपफ्रूटची साल आणि फुलांचा दरवळ यांपैकी काहीतरी नाकाला भिडते. दोन्ही शैलींत हे वास येऊ शकतात. म्हणून नुसते ‘हॉप्स आहेत का’ असे विचारून भागत नाही. हॉप्सच्या मागे काय उभे आहे, हे पाहावे. अँबरमध्ये कॅरमेल आणि खरपूस भाजलेल्या पावाचा वास हॉप्सच्या बरोबरीने येतो, कधी त्यांच्यापुढेही जातो. रेड आयपीएत तो असतो, पण हॉप्सला आधार देण्यापुरता. हॉप्सचा पहिला झोत ओसरल्यावर शोधला तर सापडावा, इतकाच.

चवीचा खरा निकाल मात्र घोट गिळल्यानंतर लागतो. अँबरचा शेवट गोडसर किंवा मध्यम असला तरी चालतो, कारण तिथे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि कडवटपणा यांचा तोल अपेक्षित आहे. रेड आयपीएचा शेवट कोरडा हवा, आणि कडवटपणा जिभेवर रेंगाळला तरी त्याला चरचरीत धार नसावी. कॅरमेल माल्ट जास्त पडले की राळेचा कडवटपणा आणि चिकट गोडवा एकमेकांना छेदतात आणि घोट जड होतो. रेड आयपीए बनवणाऱ्यांचा हात सर्वांत जास्त इथेच घसरतो, असे मला वाटते. रंग आणायचा म्हणून कॅरमेल माल्ट वाढवत नेले जाते, खरे तर गडद भाजलेल्या माल्टचा अगदी थोडा अंश तोच तांबडेपणा गोडव्याशिवाय देतो. वरच्या उदाहरणातली 1.012 ही अखेरची घनतादेखील एकटी काही सांगत नाही: माल्टची बेरीज साधी असेल तर ती कोरडी लागते, कॅरमेलने भरलेली असेल तर गोड.

रंगावर फार वेळ घालवू नये. बीजेसीपीच्या 50 गुणांच्या तक्त्यात दिसण्याला 3 गुण आहेत, तर गंधाला 12, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण परिणामाला 10. शिवाय अँबरची रंगमर्यादा 10 ते 17 एसआरएम आणि रेड आयपीएची 11 ते 17, म्हणजे जवळपास तीच. उजेडात धरल्यावर तांबूस चमक आणि वर मलईच्या रंगाचा टिकाऊ फेस दिसला की पुढे जावे.

दोषांचे वजन मात्र दोन गटांत सारखे पडत नाही. लोण्याचा वास, म्हणजे डायअ‍ॅसेटिल, दोन्हीकडे दोषच. पण अँबरमधल्या कॅरमेलच्या आड तो काहीसा झाकला जातो आणि रेड आयपीएच्या स्वच्छ, कोरड्या शेवटात लगेच उघडा पडतो. प्राणवायू शिरल्याने येणारा ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिळ्या मधाचा वास रेड आयपीएला तर फारच महागात पडतो, कारण त्याच काळात हॉप्सचा ताजेपणाही ओसरलेला असतो.

म्हणूनच सीमेवरच्या बिअरबाबत निकालाचा दिवस किती लांब आहे, हा प्रश्न मी गटाच्या आधी विचारीन. बाटलीबंद केल्यानंतर लवकरच परीक्षण होणार असेल आणि गंध अजून टवटवीत असेल, तर रेड आयपीए निवडावी. परीक्षण दोन महिन्यांनी असेल तर तोवर हॉप्स मागे सरून कॅरमेल पुढे आलेले असेल, आणि तीच बाटली अँबर म्हणून अधिक चोख उतरेल. शक्य असल्यास नोंदणीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी एक बाटली उघडून दोन्ही नमुन्यांशेजारी पुन्हा चाखावी आणि मगच गट भरावा.