मस्टँग, स्पिटफायर की तीन पंखांचं फोकर? आधी चाकं बघा

विमानाची चाकं टेकली, वेग उतरतोय, आता काय, झालंच म्हणून रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या, पेडलवरचे पाय सैलावतात. नेमकी तेव्हाच शेपटी जराशी बाजूला सरकते. शेपटीला चाक असलेल्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. शेपटी एकदा वळली की ते वजन तिला आणखीच रेटतं. बघता बघता विमान गरकन फिरतं, बाहेरच्या बाजूचं पंखाचं टोक जमिनीला घासतं, चाकाचा पाय मुडपतो आणि कित्येक वर्षांची सुट्ट्यांतली मेहनत गवतात आडवी होते. याला ग्राउंड लूप म्हणतात. घरी लढाऊ विमानाची प्रतिकृती बांधायची असेल, तर किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, निवडताना हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवा. रंग आणि चिन्हं नंतर.

दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं, अमेरिकेचं मूळ मस्टँग आणि ब्रिटनचं मूळ स्पिटफायर, यांच्या पंखांची लांबी जवळपास सारखीच, सुमारे 37 फूट. पण मस्टँगच्या दोन मुख्य चाकांमधलं अंतर 11 फूट 10 इंच आणि स्पिटफायरचं जेमतेम पावणेसहा फूट! कारण स्पिटफायरचे पाय पंखाच्या मुळाशी जोडलेले आणि चाकं बाहेरच्या दिशेने मिटणारी. मस्टँगची आत मिटतात. प्रतिकृतीत हा स्वभाव उतरतोच. टायटन टी-51 ही मस्टँगची पाऊणपट प्रतिकृती. प्रमाण जपलं तर चाकांतलं अंतर नऊ फुटांच्या आसपास येतं. ऑस्ट्रेलियात जन्मलेलं मार्क 26 हे 80 टक्के मापाचं स्पिटफायर. त्याच हिशेबाने साडेचार फूट. चाकं जवळजवळ असली की विमान कलंडायला वेळ लागत नाही, म्हणून आडव्या वाऱ्यात हा फरक पोटात गोळा आणतो. दिसायला स्पिटफायरच देखणं, यात वादच नाही. पण पहिल्यांदाच असं विमान घेणाऱ्याला मी मस्टँगच सुचवेन.

लांब नाकामुळे टेकताना समोरची धावपट्टी दिसेनाशी होते. तो त्रास दोन्हींत आहे.

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन, एकावर एक तीन पंखांच्या फोकर डीआर-1 चा मोह वेगळा. मूळ विमानच लहान, पंख साधारण साडेतेवीस फुटांचे, म्हणून ते पूर्ण मापात बांधता येतं. चाकं मिटवायची भानगड नाही. पण मुळात त्याला ब्रेक नव्हते, शेपटीला चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारा दांडा होता, आणि उतरताना नाक वर झालं की पंखांच्या आडोशाने रडरपर्यंत वारा नीट पोचत नाही. खालच्या पंखांच्या टोकांना तर मुळातच वाकवलेल्या लाकडी पट्ट्या लावलेल्या असत, टोक टेकणार हे गृहीत धरून! घ्यायचंच तर ब्रेक आणि वळणारं शेपटीचं चाक बसवा, आणि वाऱ्याला तोंड करून गवतावरच उतरा. अस्सलपणाचा हट्ट संग्रहालयात शोभतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाची, फॉक-वुल्फ 190 ची, अर्ध्या मापाची प्रतिकृती फोम आणि फायबरग्लासची, म्हणून हलकी. मात्र विमान निम्मं झालं तरी पायलट निम्मा होत नाही. माणूस उंचापुरा असेल तर आधी कॉकपिटमध्ये बसून बघावं.

मिटणारी चाकं म्हणजे उतरताना ती उघडायला विसरण्याची एक जादा जागा. पोटावर उतरलेल्या विमानाचा नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) जमिनीवर आपटला की इंजिन खोलून तपासावं लागतं; मस्टँगच्या पोटाखालचा रेडिएटरही जातो. इशारा देणारा भोंगा बसवाच. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

अमेरिकेत बांधणार असाल तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं, आणि शेपटीच्या चाकाचं विमान एकट्याने चालवण्याआधी प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. ती सही बांधकामाच्या सुरुवातीला नको, पहिल्या उड्डाणाच्या अगदी तोंडावर घ्या. बांधणीच्या वर्षांत हात गंजतात, आणि पाय त्याहून आधी.