मृत्यूच्या जुन्या नोंदी शोधताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या घराण्याची वंशावळ गेले काही महिने लावतोय. मृत्यूच्या नोंदी शोधायच्या बहुतेक वाटा वापरून झाल्या. माझं मत स्पष्ट आहे : सुरुवात मृत्यू नोंदवहीपासून नको, जमिनीच्या फेरफारापासून (मालकी बदलल्याच्या नोंदीपासून) करा.

नोंदवहीत शोधायला साल सांगावं लागतं, आणि नेमकं तेच घरात कुणाला ठाऊक नसतं. खातेदार वारल्यावर वारस चढवताना मात्र फेरफार घालावाच लागतो. आमच्या एका नोंदीत ‘खातेदार मयत, वारस मुलगे दोन, विधवा एक’ असं होतं आणि खाली लग्न झालेल्या मुलींची नावं, सासरच्या गावांसकट. चंदगडकडे दिलेली आजोबांची बहीण तिथंच सापडली. घरात तिचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. आमचे सगळ्यांत जुने कागद मोडीत, मधले बाळबोधीत (देवनागरीत), तर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचे हळूहळू कन्नडात. मोडी वाचणारं माणूस आधी गाठा.

पणजोबांबद्दल घरात एवढंच सांगत, ‘मानमोडीत गेले, दसऱ्याच्या सुमारास.’ ती १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. शके १८४० चा आश्विन, म्हणजे ऑक्टोबर १९१८. श्राद्धाच्या तिथीबरोबर शकही ठाऊक असेल तर असं साल काढता येतं : शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेरच्या तिथीला ७९.

साल हाती आलं की नोंदवही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमाखाली कुणालाही फी भरून शोध आणि मृत्यूचा दाखला मागता येतो. त्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. नोंद नसेल तर तसा दाखला लेखी घ्या.

निधनवार्ता अलीकडच्या पिढ्यांसाठीच कामाच्या. बेळगावचा ‘तरुण भारत’ सुरू झाला १९१९ ला, त्यामुळे पणजोबांच्या काळाला त्याचा उपयोग नाही. पण ‘त्यांच्या पश्चात’ पुढची ओळ सोडू नका; जावई, नातवंडं, कुठल्या गावचे, सगळं तिथं असतं. कात्रणात बहुतेकदा रक्षाविसर्जनाचा नुसता वार असतो, म्हणून अंकाच्या तारखेचाही फोटो काढा.

बायकांचा शोध सगळ्यांत कठीण. पणजी कागदावर फक्त ‘विधवा’ आहे. तिचं माहेर आता तीर्थोपाध्यायांच्या (तीर्थक्षेत्री येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वह्यांत शोधायचं आहे, त्र्यंबकेश्वरापासून सुरुवात करतोय.