आरएक्स 100 मधे 4 मिमी स्ट्रोकर क्रँक, आठ महिने चालवल्यावर

राजेहो, दसऱ्याला बाबांच्या जुन्या आरएक्स 100 मधे, यामाहाची टू स्ट्रोक गाडी ती, स्ट्रोकर क्रँक टाकला, म्हणजे पिस्टन जास्त वर-खाली जाईल असा क्रँक, तेव्हापासून गावातले पोट्टे एकच विचारून राहिले, "भाऊ, पिकअप वाढला का?" हो म्हणता येत नाही, नाही पण म्हणता येत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. गाडी 1993 ची, दारव्ह्याकडं गाव, वापर म्हणजे शेत, बाजार आणि आठवड्यातून एकदा यवतमाळ.

कंपनीचा बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) 50 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) पण 50 च, 98 सीसी. लेथवाल्यानं क्रँकपिन, म्हणजे पिस्टनचा रॉड जिथं क्रँकला बसते ती पिन, 2 मिमी बाहेर सरकवली. इथंच बरेच जण फसतात, पिन 2 सरकली म्हणजे स्ट्रोक 2 नाही, 4 मिमी वाढते, कारण पिस्टन 2 मिमी वर जास्त जातो आणि 2 मिमी खाली पण जास्त जातो. बोअर तोच, तर सीसी झाली 106. बस. 8 टक्के. यासाठी माझे सगळे धरून साडेनऊ हजार गेले.

पहिल्या मेकॅनिकनं क्रँक बसवला आणि वरचं सगळं जसंच्या तसं लावून दिलं. पहिलीच किक अर्ध्यात ठक करून अडली. तो म्हणे नवा क्रँक टाइट राहते, जोरात मार. नशीब, म्या मारली नाही. हेड खोललं तर पिस्टनच्या डोक्यावर कडेकडेनं चकचकीत घासल्याचा गोल उमटलेला. जाईन कुठं तो पिस्टन, वरचे 2 मिमी आणणार कुठून?

मग दुसऱ्याकडं नेली, त्यानं ब्लॉकखाली (सिलिंडरच्या बुडाला) 2 मिमी ॲल्युमिनियमची प्लेट टाकली. प्लगच्या छिद्रातून सोल्डरची तार कडेपर्यंत सारली, हातानं इंजिन फिरवलं, चेपलेली तार व्हर्नियरनं मोजली, म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट, 1 मिमी. म्हटलं जमलं. पण गाडी खालच्या आरपीएमला मेल्यासारखी, मागं सोयाबीनचं एक पोतं ठेवलं की पहिल्या गिअरमधेच कण्हते, आणि वर मात्र सटकन पळते. स्ट्रोक लांब म्हणजे पुलिंग, असंच सगळे सांगतात ना? टू स्ट्रोकमधे भानगड पोर्टची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्रांची आहे, पिस्टनच ती उघडते-झाकते. प्लेटमुळं ब्लॉक वर गेला, पिस्टनही तेवढाच वर गेला, म्हणजे वरून एक्झॉस्ट पोर्टपर्यंतचं (धूर जायच्या छिद्रापर्यंतचं) अंतर तेच राहिलं, पण आता एका फेऱ्यात पिस्टन 100 ऐवजी 108 मिमी चालून राहिला, तर तेवढं अंतर तो क्रँक कमी फिरला तरीच गाठतो. पोर्ट लवकर उघडते, खालचा दम तिथंच जाते.

संक्रांतीनंतर प्लेट 1 मिमीची केली आणि हेड लेथवर आतून 1 मिमी खोल घेतलं. तेव्हा कुठं पोत्यासकट चढ चढली. माझ्या मते खरं काम हेच होतं, क्रँक तर नुसती सुरुवात.

एप्रिलमधे प्लग पांढरा निघाला, म्हणजे आत हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन गरम. ब्लॉकच्या बुडाला साबणाचं पाणी लावून किक मारली तर प्लेटच्या कडेनं बुडबुडे, पॅकिंग लीक. आपल्याकडच्या 45 डिग्रीत अशी गाडी दोन दिवस दामटली असती तर पिस्टन जाम झालाच होता.

मी आता फार पिळत नाही. 7500 आरपीएमला पहिले पिस्टन मिनिटाला 750 मीटर चालत होता, आता 810, आणि दर फेऱ्यात दोनदा थांबून उलटा फिरते, तो ताण रॉडवर आणि पिनवर. ॲव्हरेज 42 चं 36 वर आलं. व्हायब्रेशन तर विचारूच नका, क्रँकचं बॅलन्सिंग कोणी केलंच नाही, मागचा इंडिकेटर दोनदा रस्त्यात पडला, सध्या तारेनं बांधला आहे. आणि आरसीवर 98 सीसीच लिहिलेलं आहे बरं का, असा बदल कायद्यात बसत नाही, हे आधी कोणी सांगत नाही.

जुना क्रँक ग्रीस लावून पोत्यात गुंडाळून ठेवला आहे, कोणाला विकून राहिलो नाही.