तपकीर गल्लीतून आणलेले एलईडी बल्ब, दोन वर्षांनंतरचा अनुभव

घराला रंग दिला तेव्हा जुने सीएफएल काढून टाकू म्हटलं, निम्मे तर बटण दाबल्यावर डोळे चोळत उठल्यासारखे पेटायचे. पुण्यात तपकीर गल्लीत गेलो आणि ९ वॉटचे १० एलईडी घेतले, ६ नावाजलेल्या कंपनीचे आणि ४ तिथलेच लोकल, कारण दुकानदार म्हणाला "साहेब माल सेमच आहे, नुसते नावाचे पैसे घेतात". किंमत जवळपास अर्धी, मी पण भुललो.

लोकल चारपैकी तीन गेले. चौथा टिकलाय पण तो माळ्यावर आहे, दिवाळीचं सामान काढायला वर्षातून एकदा पेटतो त्यामुळे त्याचं कौतुक नको.

जायच्या आधीसुद्धा त्यांचा त्रासच होता. एक स्वयंपाकघरात लावला तर आई पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, अरे हे टोमॅटो असे मेल्यासारखे का दिसतायत? मला वाटलं टोमॅटोच शिळे असतील, पण कुंकवाची डबी उघडली तर तेही विटकरी. मग कळलं की प्रकाश भरपूर असला तरी रंग खरे दिसतीलच असं नाही, त्यासाठी सीआरआय म्हणून आकडा असतो, घरात तो निदान ८० तरी हवा. लोकलच्या खोक्यावर तो आकडाच नाही, नुसतं 'सुपर ब्राइट'. आणि अजून एक, मोबाईलचा कॅमेरा त्या बल्बवर धरला की स्क्रीनवर काळे पट्टे सरकायचे, म्हणजे बल्ब लुकलुकतोय पण आपल्या डोळ्याला कळत नाही. आता दुकानात टेस्टिंगच्या होल्डरला लावला की मी आधी मोबाईलच काढतो, दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे.

कंपनीवाले चांगले निघाले. खोक्यावर ९०० ल्युमेन लिहिलंय म्हणजे वॉटमागे १००, जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बपेक्षा कमी नाही, उलट जरा जास्तच. वॉट बघून घेऊ नका, वॉट म्हणजे तो वीज किती खातो, उजेड किती ते ल्युमेनवर कळतं.

पण माझी पण एक चूक झाली, दहाच्या दहा ६५०० केल्विनचे उचलले, म्हणजे पांढरे फटक. हॉलमध्ये ठीक, पण देवघरात समईशेजारी तो उजेड म्हणजे दवाखाना वाटायला लागला, बेडरूममध्ये तर झोपच उडायची. त्या दोन ठिकाणी नंतर ३००० चे पिवळसर आणले. मधला ४००० वाला पण मिळतो पण मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही, स्वयंपाकघरात तोच लावलाय, आई खूश.

कंपनीच्या सहापैकी एकच गेला, आठ महिन्यांत, पण त्यात बल्बपेक्षा माझा दोष जास्त. तो बाल्कनीतल्या बंद काचेच्या गोळ्यात लावला होता. एलईडी गरम होत नाही असं आपण म्हणतो ते पुढच्या भागाचं, मागे बुडाशी सर्किट असतं ते तापतं आणि गोळ्यात हवा खेळत नाही, गेलं भाजून. तसलाच पॅसेजमध्ये उघड्या होल्डरला लावलेला आजही मस्त चालू आहे. वॉरंटी होती आणि दुकानदाराने घेतानाच बुडावर मार्करने तारीख टाकली होती, म्हणून बिल न सापडताही बदलून मिळाला. तुम्ही पण तारीख टाकून घ्याच.

आता बिलाचं. ६० वॉटचा बल्ब रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट, हा ९ वॉटचा दीड युनिटसुद्धा नाही. पण माझे सीएफएल होते, त्यामुळे बिलात फार फरक पडला म्हणणार नाही. बाबा अजूनही प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना बल्ब बंद करतात, करू देत, पण तो बल्ब १११ तास पेटला की कुठे १ युनिट होतं, आणि तेच बाबा २००० वॉटचा गिझर लावून पेपर वाचत बसतात, अर्ध्या तासात १ युनिट. ते सांगितलं की म्हणतात तुला गार पाण्याने अंघोळ करायची तर कर.