डाय ग्राइंडर आणि पटाशी: बॉन्सायचे सुके लाकूड कोरतानाचा काही महिन्यांचा अनुभव

जुनिपर या सूचिपर्णी झाडाच्या बॉन्सायवर जिन (साल काढून सुके केलेले फांदीचे टोक) आणि शारी (खोडावरचा साल नसलेला सुका पट्टा) कोरण्यासाठी मी गेले अनेक महिने वेग कमी-जास्त करता येणारा, ६ मिमी कोलेटचा (कोलेट म्हणजे कोरणीचा दांडा घट्ट धरणारी पकड) डाय ग्राइंडर, म्हणजे हातात धरून कोरण्याचे वेगवान विजेचे यंत्र, वापरत आहे. त्याच्या जोडीला ३ मिमी दांड्याचे बर (फिरत्या दातेरी कोरण्या) बसणारे लहान रोटरी यंत्र आणि जिनची पकड, गोल पटाश्या, पितळी ब्रश ही हातहत्यारे आहेत. एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे की यंत्राने नको असलेले लाकूड तेवढे काढावे, रूप मात्र हातानेच घडवावे.

जाड फांदी छाटल्यावर उरणारा खुंट पोखरण्यात डाय ग्राइंडरला तोड नाही. मात्र मिनिटाला सुमारे २५,००० फेरे घेणारे दात लाकूड आणि बोट यांत फरक करत नाहीत, म्हणून सुरक्षिततेची सुरुवात बर निवडण्यापासूनच होते. प्रत्येक बरची कमाल वेगमर्यादा ठरलेली असते आणि व्यास वाढतो तशी ती कमी होते. ती ओलांडली, किंवा दांडा कोलेटबाहेर फार लांब ठेवला, तर तो वाकून बर उडू शकतो. बर बदलण्यापूर्वी मी प्लग काढतो आणि नवा बर बसवल्यावर यंत्र अंगापासून दूर धरून कमी वेगात काही क्षण फिरवतो. थरथर जाणवली तर तो बर वापरत नाही.

यंत्र दोन्ही हातांनी धरावे, आणि कुंडी फिरत्या पाटावर नुसती न ठेवता घट्ट बांधावी, कारण एका हाताने झाड सावरत दुसऱ्या हाताने कोरणे हा सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. बर चाकासारखा ज्या दिशेला पळू पाहतो त्याच दिशेने यंत्र सरकवले, तर तो लाकडावर चढून थेट जिवंत सालीत घुसतो; उलट दिशेने, थोडे थोडे लाकूड काढत गेले की ताबा राहतो. सैल सुती हातमोजे फिरत्या दांड्यात गुंडाळले जातात, म्हणून मी ते घालत नाही. पूर्ण चेहऱ्याचे कवच, त्याखाली गॉगल, कानांना संरक्षण आणि बारीक धूळ अडवणारा मास्क मात्र प्रत्येक वेळी असतोच. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले असल्याने साधा रुमाल बांधून भागत नाही.

पकडीने तंतू ओढण्याच्या कामात मला सर्वाधिक आनंद मिळतो. जिवंत साल जिथे सुरू होते त्याच्या अलीकडे पटाशीने आडवा छेद घ्यायचा, खुंटाच्या टोकाची एक कड पकडीत धरून किंचित पीळ द्यायचा आणि सुटलेली सळी सावकाश खाली ओढत न्यायची. लाकूड आपल्या रेषेने फाटत जाते आणि छेदापाशी थांबते. अशी वळणे यंत्राला जमत नाहीत. ओल्या लाकडाचे तंतू सहज ओढले जातात, पण बरमध्ये ते अडकून पिंजतात, त्यामुळे ओढण्याचे काम छाटणीनंतर लगेच करावे आणि यंत्र लाकूड वाळल्यावरच लावावे. शारी सुरुवातीला अरुंदच ठेवावी. ती पुढच्या हंगामात रुंद करता येते, पण कापली गेलेली जिवंत शीर (झाडाला पाणी-अन्न पोहोचवणारा सालीचा पट्टा) परत येत नाही.

यंत्राने आलेली लव पितळी ब्रशने, तंतूंच्या दिशेने घासली की जाते. त्यानंतर लाकूड किंचित ओले करून, माती झाकून, उघड्या हवेत लाइम सल्फर (चुना व गंधकाचे द्रावण) लावावे. या कामाला मात्र रबरी हातमोजे आणि गॉगल हवेतच, आणि हे द्रावण कोणत्याही आम्लाजवळ नेऊ नये, कारण त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. लावताना पिवळट दिसणारे लाकूड वाळल्यावर पांढरे होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी पकड, एक चांगली गोल पटाशी आणि ब्रश घ्यावा. डाय ग्राइंडर जाड खोडाची झाडे हाताशी आल्यावर घ्यावा, आणि त्याचा सराव झाडावर न करता छाटलेल्या वाळक्या फांद्यांवर करावा.